क्लुनीच्या सिस्टरांचा माग : शांब्लां ते पॅरिस

पहिला दिवस : शांब्लां

बर्गंडीत उतरलेला माणूस सहसा द्राक्षमळ्यांच्या दिशेनं जातो. आम्ही दोघी बहिणी दिजोंहून ज्या गाडीत बसलो तिनं मळ्यांकडे पाठ फिरवली आणि सोन नदीच्या सपाट खोऱ्यात शिरली. मका, सूर्यफूल, मधूनच पॉपलरच्या रांगा. स्योर नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरून टॅक्सी केली. ‘शांब्लां’ म्हटल्यावर टॅक्सीवाल्यानं लगेच विचारलं, “मेर जावुए?” (मदर जावुए?) म्हणजे आमच्यासारखे अधूनमधून येत असणार.

हा सगळा खटाटोप ताईचा. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली, पण चौकशा काही निवृत्त झाल्या नाहीत. पाँडिचेरीला रोमाँ रोलाँ रस्त्यावर सेंट जोसेफ ऑफ क्लुनी या कॅथलिक संघाच्या सिस्टरांचं भरतकाम केंद्र आहे. तिथं टेबलक्लॉथ घेताना तिला कळलं की या सिस्टर 1827 पासून त्या गावात आहेत. रेल्वे नाही, सुएझ कालवा नाही, फ्रान्सहून निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनोन् महिने लागायचे, अशा काळात खेड्यातल्या या बायका इतक्या लांब कशाला आल्या? या एका प्रश्नापायी मीही ओढली गेले.

उत्तराची सुरुवात शांब्लांत होते. संघाची संस्थापिका आन-मारी जावुए जन्मली शेजारच्या जालांज गावात, 10 नोव्हेंबर 1779 ला. ती लहान असतानाच कुटुंब इथं आलं. घरात तिला नानेत म्हणायचे. वडील बाल्ताझार चांगले सधन शेतकरी. घर बघताना ते कळतंच. भिंती जाडजूड, तुळया भक्कम, दाराचा उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालेला. आम्ही आधी ईमेल करून वेळ घेतली होती. घर दाखवणाऱ्या सिस्टर सत्तरीच्या पुढच्या होत्या, फ्रेंच सावकाश बोलत होत्या, आणि ताईच्या प्रत्येक प्रश्नाला आधी “आ, व्वाला!” म्हणून मगच उत्तर देत होत्या.

फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा नानेत नऊ-दहा वर्षांची होती. पुढं धर्मगुरूंनी नव्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी असा कायदा आला. ज्यांनी घेतली नाही ते लपतछपत फिरू लागले, रात्री कोठारात, बंद खोल्यांत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करू लागले. जावुएंच्या घरानं अशांना आसरा दिला. पोरगी पहाऱ्याला उभी राहायची, निरोप पोचवायची, गावातल्या मुलांना गोळा करून धर्मशिक्षण द्यायची. 11 नोव्हेंबर 1798 च्या रात्री अशाच एका चोरट्या मिस्सेत तिनं आयुष्य देवाला वाहिल्याचं जाहीर केलं. वय एकोणीस. वडिलांना हे बिलकूल पसंत नव्हतं. हाताशी आलेली, हुशार, शेतीचा हिशोब बघू शकणारी मुलगी मठात घालवायची, तीसुद्धा मठ कायद्यानं बंद असताना! बापाची बाजू मला तरी पटते.

त्यानंतरची काही वर्षं तिची नुसती धावाधाव आहे. 1800 मध्ये ती बझांसोंच्या एका धर्मसंघात दाखल झाली, तिथून परत आली. मग स्वित्झर्लंडमधल्या ला व्हालसेंतच्या, मौन पाळणाऱ्या कडक ट्रॅपिस्ट पंथाच्या मठात गेली, तिथूनही परत आली. बझांसोंमध्ये असताना तिला एक दर्शन झालं असं संघाची परंपरा सांगते: खोलीत वेगवेगळ्या वर्णांची मुलं उभी आहेत, आणि आव्हिलाची संत तेरेसा म्हणतेय की ही देवानं तुला दिलेली मुलं. बर्गंडीच्या खेड्यातल्या मुलीनं तोवर काळा माणूस पाहिला असण्याची शक्यता कमीच. दर्शनांबाबत मी जरा कोरडीच आहे, पण पुढच्या पन्नास वर्षांत तिनं त्या दर्शनाचा पाठलाग कसा केला ते बघता, तिचा स्वतःचा त्यावर पुरता विश्वास होता हे नक्की.

शांब्लांचं हे घर आज पूर्व फ्रान्समधल्या गुलामगिरी-निर्मूलनाच्या स्मृतिमार्गात येतं. याच मार्गावर फोर द जू हा किल्ला आहे, जिथं हैतीतल्या गुलामांच्या बंडाचा नेता तुसां लुव्हेर्तूर 1803 मध्ये कैदेत थंडीनं मेला; आणि शांपान्ये गावही आहे, जिथल्या शेतकऱ्यांनी 1789 मध्ये राजाला पाठवलेल्या गाऱ्हाण्यांत गुलामगिरी बंद करा असं लिहिलं होतं. ताईनं तिथंच वहीत पुढच्या प्रवासाची यादी सुरू केली. मी दुर्लक्ष केलं.

दुसरा दिवस : शालों-स्यूर-सोन

दिजोंहून शालोंला गाडी पाऊण तासाच्या आत पोचते. वाटेत बोनचे प्रसिद्ध द्राक्षमळे खिडकीतून बघायला मिळतात, तेवढीच हौस फिटली.

शालोंची सगळी मिजास फोटोग्राफीची. तिचा आद्य संशोधक निसेफोर न्येप्स इथला. नदीकाठी त्याचं संग्रहालय आहे, पुतळा आहे, आणि गावातला जो तो तुम्हाला तिथंच पाठवतो. आम्ही मात्र नगरपालिकेच्या चौकातलं सें-प्येर चर्च शोधत होतो. दोन मनोरे, भव्य दर्शनी भाग, आत थंडगार. बाहेर कॅफेच्या खुर्च्या चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आलेल्या.

या चर्चमध्ये 12 मे 1807 रोजी नऊ तरुणींनी ओतांच्या बिशपसमोर व्रतं घेतली: आन-मारी, तिच्या तीन सख्ख्या बहिणी आणि पाच मैत्रिणी. एकाच घरातल्या चार मुली! बाल्ताझारचा विरोध एव्हाना मावळला होता, की तो नुसता थकला होता, कोण जाणे.

यामागची परवानगीची भानगड मला व्रतांपेक्षा रंजक वाटली. 1805 च्या ईस्टरला पोप सातवे पायस शालोंत मुक्कामाला होते. नेपोलियनच्या राज्याभिषेकाहून रोमला परत चालले होते. चौघी बहिणी त्यांना जाऊन भेटल्या, आशीर्वाद मिळाला. आशीर्वादानं मन भरतं, पण शाळा उघडायला सरकारी कागद लागतो. तो नेपोलियनकडून आला, 12 डिसेंबर 1806 ला. सम्राट तेव्हा पोलंडच्या मोहिमेवर पोझेनला होता, आणि तिथल्या छावणीतून त्यानं या खेडवळ मुलींच्या संस्थेच्या हुकमावर सही केली. क्रांतीनं सगळे मठ मोडीत काढले होते. नेपोलियनला ध्यानधारणा करणाऱ्या जोगिणींशी काही देणंघेणं नव्हतं. शिकवणाऱ्या आणि आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका मात्र हव्या होत्या, कारण ते काम करायला देशात दुसरं कोणी उरलं नव्हतं. संघाचा आणि सरकारचा व्यवहार असा पहिल्या दिवसापासून गरजेचा होता. पुढं जे जे झालं ते सगळं या व्यवहारातून झालं, असं माझं मत. ताईला हे फार कोरडं वाटतं.

दुपारी बारा ते दोन गाव बंद. नदीकाठी बसून सँडविच खाल्लं.

तिसरा दिवस : क्लुनी

क्लुनीला रेल्वे नाही. होती, ती बंद पडली, आणि रुळांच्या जागी आता सायकलवाटा आहे, दोन्ही बाजूंनी झाडी असलेली. आम्ही बसनं गेलो. ती तेझेला थांबते. तिथल्या सर्वपंथीय प्रार्थनासमूहाकडे जाणारी तरुण मुलं पाठीवर बोजे घेऊन धडाधड उतरली आणि बस रिकामी झाली.

क्लुनी म्हटलं की जगाला आठवतो तो बेनेडिक्टाइन मठ. सन 910 च्या सुमारास स्थापन झालेला, युरोपभर शेकडो मठांवर हुकमत गाजवलेला. त्याचं चर्च 187 मीटर लांब होतं. रोमचं नवं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात एवढं मोठं चर्च नव्हतं. क्रांतीनंतर 1798 मध्ये सरकारनं ते विकलं, व्यापाऱ्यांनी सुरुंग लावून पाडलं आणि दगड विकले. आज सुमारे एक दशांश शिल्लक आहे: दक्षिणेकडचा एक भाग आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा. बाकी ठिकाणी खांबांची फक्त बुडं. मी एका बुडाशी पावलं टाकून पाहिलं. फेरी मारायला चांगला वेळ लागला. जिथं एके काळी भिक्षूंच्या मिरवणुका निघत तिथून आता मोटारी जातात, आणि मठाच्या जमिनीवर नेपोलियनच्या काळातली घोड्यांची पागा आहे.

सिस्टरांचा आणि या मठाचा संबंध फक्त गावापुरता. एकीकडे मोठ्या चर्चचे दगड गाड्यांत भरले जात होते, आणि त्याच काळात, 1812 मध्ये, आन-मारीनं गावातला रेकोलेट फ्रान्सिस्कनांचा रिकामा पडलेला मठ घेतला. पैसे बाल्ताझारचे. ओतांमध्ये मिळालेली जागा सोडून बायका इथं आल्या, आणि सेंट जोसेफच्या नावाला क्लुनी चिकटलं ते कायमचं. पाँडिचेरी असो, त्रिनिदाद असो की आयर्लंड, कुठंही शाळा काढली की या गावाचं नाव सोबत गेलं. क्लुनीच्या गावकऱ्यांना मात्र याचं फारसं कौतुक दिसलं नाही. पर्यटन कार्यालयातल्या मुलीनं आमच्या हातात मठाचाच नकाशा दिला, रेकोलेटचा रस्ता तिला सहकाऱ्याला विचारावा लागला.

जागा साधी आहे. आम्ही ती बहुतेक बाहेरूनच पाहिली. नंतर तूर दे फ्रोमाज, म्हणजे चीज मनोरा, त्यावर चढलो. वरून कौलारू छपरं, तो एकुलता एक अष्टकोनी मनोरा आणि पलीकडे टेकड्या. ताईचा गुडघा उतरताना बोलायला लागला, म्हणून संध्याकाळ खोलीतच काढली आणि वाद घातला. वाद असा: या बायका परदेशी गेल्या ते त्यांच्या ध्यासापोटी, की वसाहतींना नोकर हवे होते म्हणून?

चौथा दिवस : पॅरिस, नौदलाची कचेरी

माकों-लोशेहून टीजीव्ही या वेगवान गाडीनं पॅरिसला दोन तासांच्या आत. माकों हे कवी आणि राजकारणी लामार्तीनचं गाव. त्याचं नाव पुढं येणार आहे.

वादाचा निकाल लावायला मी ताईला थेट प्लास द ला काँकोर्दवर नेलं, ओतेल द ला मारीनमध्ये. नौदल मंत्रालय इथं होतं, आणि वसाहतींचा कारभार त्याच मंत्रालयाकडे होता. इमारत 2021 पासून सर्वांना बघायला खुली आहे. सोनेरी महिरपी, झुंबरं, आरसे. अशाच दालनांत बसलेल्या कारकुनांशी आन-मारीनं आयुष्यभर पत्रव्यवहार केला: सिस्टरांचे पगार, जहाजावरच्या जागा, औषधं, बियाणं, घरभाडं.

सुरुवात झाली ती एका शाळेमुळे. नेपोलियन पडल्यावर तिनं पॅरिसमध्ये गरिबांच्या मुलांसाठी परस्पर-अध्यापनाची पद्धत वापरली: मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, एक शिक्षिका शेकडो मुलं सांभाळणार. ही पद्धत इंग्लंडमधून आलेली, प्रॉटेस्टंटांची, म्हणून कॅथलिकांत ओरड झाली. गंमत म्हणजे इंग्लंडात ती रुजवणाऱ्यांपैकी अँड्र्यू बेलनं ती मद्रासच्या अनाथाश्रमात बसवली होती, आणि वाळूत बोटानं अक्षरं गिरवणारी गावठी शाळेतली मुलं बघून त्याला ती सुचली होती. म्हणजे मद्रासच्या वाळूतून लंडन, लंडनहून पॅरिस! ताई यावर दहा मिनिटं खूष होती.

त्या शाळेची ख्याती बुर्बों बेटाच्या, म्हणजे आजच्या रेयुनियोंच्या, प्रशासकाच्या कानावर गेली. त्यानं सिस्टर मागितल्या. जानेवारी 1817 मध्ये पहिली मूठभर मंडळी रोशफोर बंदरातून निघाली आणि जूनअखेर बेटावर पोचली. हा प्रशासक देसबासें घराण्यातला. शेकडो गुलाम राबवणारं, बेटावरचं बडं घराणं. पुढं गुलाममुक्तीसाठी गाजलेल्या संघाची पहिली परदेशवारी गुलाममालकांच्या पोराच्या बोलावण्यावरून झाली! मी हे अगदी विजयी मुद्रेनं सांगितलं. ताई म्हणाली, “बोलावणं कुणाचं होतं ते सोड, जाऊन केलं काय ते बघ.”

तर काय केलं? 1819 मध्ये सेनेगलच्या सें-लुईला तुकडी गेली, बहीण रोझालीच्या हाताखाली. इस्पितळाची अवस्था भीषण होती. 1822 मध्ये आन-मारी स्वतः तिथं पोचली. गँबिया आणि सिएरा लिओन या इंग्रजांच्या प्रदेशातही जाऊन तिनं रुग्णसेवा केली. आफ्रिका आफ्रिकनांनीच घडवावी, त्यांच्यातूनच शिक्षक आणि धर्मगुरू तयार व्हावेत, हे तिच्या डोक्यात तिथं पक्कं झालं. सेनेगलहून मुलं फ्रान्सला आणून शिकवली. थंडीनं आणि आजारानं त्यांतली कित्येक दगावली. परक्या हवेत पोरं आणून घालण्याचा हा हट्ट मला अजूनही क्षमेच्या पलीकडचा वाटतो. जगलेल्यांपैकी तिघांना 1840 मध्ये धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्यांतल्या दाव्हिद ब्वालानं नंतर सेनेगलच्या लोकजीवनावर मोठा ग्रंथ लिहिला, स्वतःच्या चित्रांसह.

मग माना. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाच्या पश्चिमेला, माना नदीकाठी वसाहत करण्याचे सरकारचे प्रयत्न फसले होते. 1828 मध्ये ते काम मंत्रालयानं एका बाईवर सोपवलं. ब्रेस्टहून 36 सिस्टर आणि सोबत काही शेतकरी, कारागीर घेऊन ती निघाली. जंगल तोडलं, केळी-कसावा लावला, लाकूड कापलं. गोरे वसाहतकार करार संपल्यावर पांगले, सिस्टर राहिल्या. ज्यांना सरकारनं बेटावर टाकून दिलं होतं त्या कुष्ठरुग्णांना तिनं जवळच आकारुआनीला आणून वस्ती करून दिली.

खरा कस पुढं लागला. गुलामांचा चोरटा व्यापार करणाऱ्या जहाजांवर पकडलेले आफ्रिकन 1831 च्या कायद्यानं ‘मुक्त’ ठरत, पण सात वर्षं सरकारकडे बांधील राहत. गयानाची राजधानी कायेन, तिथल्या मळेवाल्यांना त्यांची धास्ती होती. 1835 मध्ये सरकारनं ठरवलं की हे सुमारे 500 लोक मदर जावुएंच्या ताब्यात द्यायचे, त्यांनी त्यांना स्वातंत्र्यासाठी ‘तयार’ करायचं. लामार्तीननं या योजनेची पाठराखण केली. 21 मे 1838 ला मानात 185 जणांना मुक्तीचे कागद मिळाले, सोबत घर आणि जमिनीचा तुकडा. कायेनचे मळेवाले इतके खवळले की तिची होडी उलटवण्यासाठी वल्हेकऱ्याला पैसे चारले होते आणि त्यानंच ते तिला सांगून टाकलं, अशी कथा आहे.

माझा आक्षेप ‘तयार करण्या’ला आहे. माणूस स्वतंत्र व्हायला लायक आहे की नाही हे ठरवणारी ती कोण? मानात शिस्त कडक होती. कामाच्या वेळा, प्रार्थना, लग्नं, सगळ्यावर मदरची नजर. ताईचा मुद्दा असा की दुसरा पर्याय हे लोक मळेवाल्यांच्या हाती देण्याचा होता, आणि जमिनीसह मुक्ती देणारं तेव्हा त्या वसाहतीत दुसरं कोणीच नव्हतं. दोन्ही खरं आहे. आम्ही दोघी आपापल्या जागी ठाम राहून वरच्या मजल्यावरची दालनं पाहिली. याच इमारतीत 27 एप्रिल 1848 ला गुलामगिरी रद्द करणारा हुकूम निघाला. पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई-जोतिरावांनी मुलींची शाळा सुरू केली तेही 1848 च. हे ताईच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

पाचवा दिवस : र्‍यू मेशें

संघाचं मुख्य घर पॅरिसच्या चौदाव्या विभागात र्‍यू मेशेंवर आहे. सें-जाक मेट्रोपासून चालत गेलो. एका टोकाला कोशें इस्पितळ, दुसऱ्या टोकाला ला साँते तुरुंगाकडे जाणारा रस्ता, जवळच वेधशाळा. सिस्टर 1849 मध्ये इथं आल्या. आतल्या प्रार्थनालयात आम्ही थोडा वेळ बसलो. सकाळच्या प्रार्थनेनंतर बाहेर पडणाऱ्या सिस्टरांत आफ्रिकन आणि भारतीय चेहरे होते, त्यांतल्या एका तमीळ सिस्टरांनी ताईला विचारलं, “अक्का, मद्रास?” ताई म्हणाली, “नाही, महाराष्ट्र,” आणि मग दोघी इंग्रजीत पाँडिचेरीच्या उकाड्यावर बोलत बसल्या.

इथं संघाच्या घरगुती भांडणाचा विषय निघणारच. ओतांचे बिशप देरिकूर यांना संघाचं सर्वोच्च पद स्वतःकडे हवं होतं. आन-मारीनं साफ नकार दिला. संघ अनेक देशांत, अनेक बिशपांच्या हद्दींत पसरलेला, त्याची सूत्रं एका बिशपच्या हाती कशी द्यायची, हा तिचा साधा कारभारी प्रश्न होता. भांडण वर्षानुवर्षं चाललं. त्याच्या झळा गयानापर्यंत गेल्या आणि तिथल्या धर्माधिकाऱ्यानं तिला सुमारे दोन वर्षं कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, नाकारलं. कॅथलिक बाईला याहून मोठी शिक्षा नाही. ती मागे हटली नाही, आणि संघ सोडून वेगळीही झाली नाही. 1843 मध्ये गयाना सोडून फ्रान्सला परतली.

तिच्याबद्दल ‘मादाम जावुए म्हणजे थोर पुरुषच!’ असं राजा लुई-फिलिप म्हणाल्याचं सांगतात. स्तुती म्हणून असेल, ताईला ती अजिबात आवडली नाही. 1848 च्या पॅरिसमधल्या उठावात मात्र कामगारांनी ‘जनरल जावुएला जाऊ द्या’ म्हणत तिला बॅरिकेडमधून वाट दिली, ही गोष्ट ताईनं वहीत लिहून घेतली.

बिशप देरिकूर जुलै 1851 मध्ये वारले. त्यानंतर आठवड्यानं, 15 जुलैला, आन-मारीही गेली. मरणापूर्वी तिनं सिस्टरांना त्या बिशपसाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं. मागून रोझाली संघाची प्रमुख झाली. बाराव्या पायस पोपनी 1950 मध्ये आन-मारीला ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, म्हणून घोषित केलं. तारीख 15 ऑक्टोबर, म्हणजे संत तेरेसाचा सण.

कुणाला जायचं असेल तर: शांब्लांला आधी कळवून जा, अचानक गेल्यास दार बंद मिळू शकतं. स्योरला गाड्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. क्लुनीच्या बस रविवारी जवळजवळ नसतातच. मठ पाहायला अर्धा दिवस द्या आणि रेकोलेटचा रस्ता पर्यटन कार्यालयात विचारताना दुसऱ्या खिडकीवर विचारा. ओतेल द ला मारीनचं तिकीट ऑनलाइन काढलेलं बरं, रांग लांब असते.